बाकं वाजवून मंजूर

मंगळवारी समिती बसलीच नव्हती. समितीचा आणि नगरसभेचाही सभापती विल्फ्रिदो अर्रिएता त्या सकाळी झुंजीच्या आखाड्यावर आपल्या लाल कोंबड्याचं वजन करून घेत होता, दोन सभासद शेजारगावी मयताला गेले होते, एक घरी घोरत होता आणि पाचवा, कालिक्स्तो ओस्पिनो, न्हाव्यापुढे मान वाकवून बसला होता. सगळ्या पुएर्तो तामारोने त्याला तिथे पाहिलं. तरी शुक्रवारी दुपारी अर्रिएता नगरसचिवाच्या टेबलाशी आला, मानेवरचा घाम पुसला आणि म्हणाला, "दोन्या लेदिस, मंगळवारच्या समितीचं इतिवृत्त तेवढं करून ठेवा. सोमवारी ठराव सभेपुढे घ्यायचाय."

"कुठल्या समितीचं?" लेदिस तुरिसोने विचारलं. दोन्या म्हणजे बाईसाहेब, कार्यालयात सगळे तिला तसंच म्हणायचे.

"आता तुम्हीही का..." तो हसला. "नेहमीसारखं लिहा. नऊला सुरू, साडेदहाला संपली, साधकबाधक चर्चा झाली."

साधकबाधक चर्चा. एकोणीस वर्षं लेदिस हे दोन शब्द लिहीत आली होती, आणि त्यातली निम्मी चर्चा कुठेच झालेली नव्हती. कायदा सांगतो, ठरावाची वाचनं दोन व्हायला हवीत. पहिलं समितीत, दुसरं भर सभेत, आणि मधे निदान तीन दिवस, विचार करायला. विचार करणारी माणसं आणायची कुठून ते कायद्यात लिहिलेलं नाही. म्हणून पहिलं वाचन लेदिसच्या टेबलावर व्हायचं, तिच्या एकटीच्या हातून, आणि दुसरं बाकांवर.

बाकांवर म्हणजे खरोखर बाकांवर. आमच्या नगरसभेत हात वर करून मत देत नाहीत. सभापती विचारतो, "मंजूर?" आणि अकरा जण तळव्यांनी समोरचं बाक बडवतात. कोण बडवतंय, कोण नुसता हात ठेवून बसलाय, काही कळत नाही, आणि कळत नाही हीच तर सोय. कुणी एकाने जरी उठून म्हटलं की नावानिशी मत घ्या, तर घ्यावं लागतं. एकोणीस वर्षांत कुणी उठलं नव्हतं.

अर्रिएता गेल्यावर लेदिसने ठराव वाचायला घेतला. त्या इमारतीत कागद वाचणारी ती एकटीच. मथळा मोठा होता: करमणूक, वाहतूक निधी आणि आर्थिक लवचिकता यांचा मेळ घालण्याबाबत. हा लवचिकतेचा शब्द कुणीतरी राजधानीहून आणला होता आणि नगराध्यक्ष रोदोल्फो हाराबा तो लिमलेटच्या गोळीसारखा तोंडात घोळवत हिंडत होता. पहिली सहा कलमं जलउद्यानाची. तीन घसरगुंड्या, एक खाण्यापिण्याचा चौक, आणि दर्शनी भागात बारा मीटर उंच बोकाचिको मासा, सिमेंटचा. नदीत हल्ली खरा बोकाचिको सापडला तर लोक त्याचा फोटो काढून घेतात. पण सिमेंटचा बघायला म्हणे लांबलांबून माणसं येतील, खातील, पितील, आणि मग गावावर कसलंही संकट येवो, गाव तग धरेल.

सातवं कलम दोन ओळींचं होतं. नदीपार तराफासेवेसाठी वाहतूक निधीतून असलेली तरतूद पुढील महिन्यापासून बंद करून ती करमणूक व आर्थिक लवचिकता या शीर्षाखाली वर्ग करण्यात यावी.

लेदिसने ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पलीकडच्या काठावर, एल गुयाबलमध्ये, तिची थोरली बहीण एनाल्बा राहते. एनाल्बाची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती चाकाच्या खुर्चीत बसून तराफ्यावरून मागदालेना नदी ओलांडते, इकडच्या दवाखान्यात चार तास यंत्राला लागते आणि परत जाते. साध्या होडीत खुर्ची मावत नाही, आणि यंत्रावरून उठलेल्या बाईला चिखलाच्या उतारावरून होडीत उडी मारता येत नाही. पूल आहे, पण रस्त्याने पाच तास, तेही पावसाने रस्ता ठेवला तर. इकडे येऊन राहा म्हणावं, तर नवरा एलादियो अर्धांगवायूच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेला, त्याला हलवायची सोय नाही आणि तिच्याशिवाय तो कुणाच्या हातचं गिळत नाही. डॉक्टरला लेदिसने एकदा विचारलं होतं, एखादा आठवडा चुकला तर काय होईल. तो म्हणाला होता, "एक कसाबसा निघेल. दुसऱ्यात मला दाखला लिहावा लागेल." कसला दाखला ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

तर हा असा मेळ घातला होता. करमणुकीचा आणि वाहतुकीचा.

खाली रस्त्यालाच नेइदाची खानावळ. कालिक्स्तो ओस्पिनो तिथे उकडलेला युका कंद आणि खारट चीज खात बसला होता. हा एल गुयाबलचाच नगरसेवक, पलीकडच्या मतांवर निवडून आलेला. निवडणुकीच्या फलकावर त्याच्या फोटोमागे तराफाच होता. शिवाय एनाल्बाच्या मुलीचा बाप्तिस्मा त्याच्या मांडीवर झालेला, म्हणून तो दोघी बहिणींचा कोम्पाद्रे आणि त्या त्याच्या कोमाद्रे, घरातलाच माणूस म्हणायचा.

"कोम्पाद्रे, सातवं कलम वाचलंत?" लेदिस समोर बसली.

"कोमाद्रे, मी जेवतोय."

"जेवा की. वाचलंत का ते विचारतेय."

"अकरा पानं आहेत म्हणे."

"म्हणजे नाही वाचलंत. तराफा बंद करतायत त्यात."

त्याचा घास थांबला. "तराफा? आपला? कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणताय. समितीत आहात ना तुम्ही? मंगळवारी साधकबाधक चर्चा केलीत."

"अहो, मंगळवारी मी केस कापत होतो."

"सगळ्या गावाला माहितेय. म्हणून तर आलेय."

कालिक्स्तोने ताट बाजूला सारलं. चेहरा असा केला की कुणाला वाटावं याच्याच घरावर नांगर फिरतोय. "मला अंधारात ठेवलं बघा यांनी. कोमाद्रे, सोमवारी मी उठतो. नावानिशी मत मागतो. माझ्या आईची शपथ. एनाल्बाच्या जिवाशी खेळ? मी असेपर्यंत?" मग तो हळूच म्हणाला, "ते चीज संपवू का? वाया जाईल."

लेदिसला हसू आलं. माणूस सुस्त आहे, खादाड आहे, पण पोटात पाप नाही, असं तिला वाटलं. त्या सगळ्यांबद्दल तिला तसंच वाटायचं. आळशी मेले, वाचत नाहीत, म्हणून हे असं होतं. एकोणीस वर्षं खोटं लिहायला हीच समजूत तिला पुरली होती.

दवाखान्यातून एनाल्बाला घेऊन ती धक्क्यावर गेली तेव्हा ऊन कलत होतं. एनाल्बाच्या दंडाला पट्टी, ओठ कोरडे, पण तोंड नेहमीसारखं चालू. तराफा निघाल्यावर ती म्हणाली, "दवाखान्यात बायका बोलत होत्या, हा बंद होणार म्हणून. खरं का गं?"

"बघू. ठराव आहे अजून."

"तू तिथे दिवसभर काय लिहितेस?"

"इतिवृत्त."

"म्हणजे?"

"म्हणजे सभेत काय झालं ते."

"झालं ते लिहितेस ना?" एनाल्बाने सहज विचारलं, केस सावरावेत तितकं सहज, आणि पाण्याकडे बघत बसली.

लेदिसने हो म्हटलं. तिने कठडा घट्ट धरला. तराफा तर इतका संथ जात होता की कपातला चहा सांडला नसता.

शनिवारी ती कार्यालय उघडून एकटीच बसली. सवयीने हात चालला: "मंगळवार, सकाळी नऊ. उपस्थित सभासद पाच." तिथे ती अडली. पाच. त्या पाचात कालिक्स्तो, न्हाव्याच्या फडक्यात गुंडाळलेला. तिने पान फाडलं, दुसरं घेतलं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा झालं ते लिहिलं.

"मंगळवारी सकाळी नऊ वाजता समितीचं दालन उघडण्यात आलं. उपस्थित: नगरसचिव. अनुपस्थित: सर्व सभासद. सभापती झुंजीच्या आखाड्यावर असल्याचं समजलं. साडेदहापर्यंत वाट पाहण्यात आली. ठरावाचं वाचन झालं नाही, चर्चा झाली नाही, मत घेण्यात आलं नाही. दालन बंद करण्यात आलं."

बेत साधा होता. समितीचं इतिवृत्त सभेत वाचायचं काम सचिवाचंच. एरवी सचिवाला सभागृहात तोंड नसतं, पण वाचायला उभी राहिली की तिला कोण अडवणार? पलीकडची माणसं येतील, ती ऐकतील, आणि कालिक्स्तो उठेल. मग बघू म्हणावं कोण बाक वाजवतो.

सोमवारी एल गुयाबलहून साठसत्तर माणसं आली. टोप्या हातात घेऊन भिंतींना चिकटून उभी राहिली. वरचे दोन पंखे फिरत होते, तिसरा नुसता कण्हत होता. हजेरी झाली, अकराच्या अकरा हजर. हजेरीला सगळे असतात, बैठकीचा भत्ता हजेरीवर मिळतो.

"समितीचं इतिवृत्त," अर्रिएता म्हणाला.

लेदिस उभी राहिली. घसा साफ केला. "मंगळवारी सकाळी नऊ वाजता समितीचं दालन उघडण्यात—"

"दोन्या लेदिस, थांबा जरा," अर्रिएता खुर्चीत मागे रेलला. "एवढ्या उकाड्यात माणसांना किती छळायचं? वाचल्याचं गृहीत धरू या. इतिवृत्त मंजूर?"

बाकं वाजली. लेदिसने कालिक्स्तोकडे पाहिलं. तो शेजाऱ्याशी काहीतरी बोलत होता, आणि बोलता बोलताच त्याचा उजवा हात उठला आणि बाकावर पडला, माशी मारावी तसा. एकदा नाही, तीनदा.

तिचं ते खरं इतिवृत्त, ज्यात लिहिलं होतं की तुम्ही सगळे गैरहजर होता, ते त्यांनीच एकमुखाने मंजूर केलं. वर नगराध्यक्ष लवचिकतेवर अर्धा तास बोलला. वाकेल पण मोडणार नाही असं गाव त्याला घडवायचं होतं. कुणी वाकायचं ते त्याने सांगितलं नाही. मग ठराव. "मंजूर?" पुन्हा बाकं. भिंतीशी उभ्या माणसांना कळलंच नाही की झालं ते एवढंच होतं. "कधी घेणार आमचा विषय?" एका म्हाताऱ्याने लेदिसला विचारलं. 

अर्रिएताने फोन कानाला लावूनच सह्या केल्या. "मासा नको, कोंबडी सांग," असं पलीकडच्या कुणाला तरी म्हणत त्याने इतिवृत्ताच्या दोन्ही पानांवर सही ठोकली, मग ठरावावर, आणि कागद तिच्याकडे ढकलले. कालिक्स्तो जिन्यात भेटला.

"कोमाद्रे, मला ऐकूच आलं नाही कुठला विषय चाललाय ते. त्या पंख्याचा आवाज. मी आपला उठायच्या तयारीत बसलेलो."

"हात तर वाजत होता तुमचा."

"सवय हो," तो म्हणाला. खरंच शरमला होता की काय, कोण जाणे.

मंजूर झालेला प्रत्येक ठराव कागदपत्रांसह प्रांताच्या राज्यपालाकडे तपासणीला जातो. पाकीट भरायचं कामही सचिवाचंच. इतिवृत्त बदलायला तिला पाच मिनिटं पुरली असती. तिने ते जसंच्या तसं आत घातलं आणि पाकिटाला गोंद लावला. शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात. आता पुन्हा खोटा कागद लिहायचीच तिला किळस आली होती.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिलं वाचन झालेलंच नाही, असं नगरसभेचं स्वतःचं मंजूर इतिवृत्त सांगतं, सबब ठराव रद्द. अर्रिएता तो कागद फडकवत तिच्या टेबलाशी आला.

"हे काय लिहिलंत तुम्ही?"

"झालं ते."

"आणि यावर मी सही केली?"

"दोन्ही पानांवर. कोंबडी सांगत होतात तेव्हा."

त्याचा चेहरा काळानिळा झाला. "जानेवारीत सचिवाची निवड आहे. तेव्हा बघतो तुला," तो म्हणाला. एकोणीस वर्षांचं 'तुम्ही' त्या एका वाक्यात गळून पडलं.

गाव आठवडाभर हसलं. पलीकडच्यांनी तर लेदिसला डोक्यावर घेतलं. कुणी युका आणून टाकला, कुणी जिवंत कोंबडी पाय बांधून दारात ठेवली. एनाल्बा तराफ्यावरून उतरताना म्हणाली, "आता तुझा पुतळा करतील, माशाशेजारी." लेदिस नको नको म्हणत होती, पण मनातून फुलली होती. ठराव पुन्हा येणार हे तिला कळत होतं. नगराध्यक्ष हाराबा चिडला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. "परत घ्या. या वेळी नियमाने घ्या. सगळं वाचा," एवढंच तो म्हणाला होता. आणि लेदिसला तेच हवं होतं. वाचू दे ना एकदा मोठ्याने. ऐकलं की लाज वाटेल. माणसंच आहेत शेवटी.

समिती सोमवारी खरोखर बसली. पाचही जण आले, घड्याळं बघत, आणि तिने खरं इतिवृत्त लिहिलं ते खोटं वाटावं इतकं नीटनेटकं झालं. ठरावात आता तारीख घातली होती: तराफा या महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी बंद. मधल्या दिवसांत लेदिस दवाखान्यात गेली आणि मोठ्या डॉक्टरकडून रीतसर पत्र आणलं, आवक नोंद केली, शिक्का मारला, ठरावाला जोडलं. जोडलेला कागदही वाचावाच लागतो.

शुक्रवार, अठरा तारीख. दुपारी दोनची सभा. एनाल्बा थेट यंत्रावरून आली, दंडाची पट्टी तशीच, आणि खुर्ची मधल्या वाटेत लावून बसली. तिला बाजूला व्हा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती.

"नगरसचिव पूर्ण वाचन करतील," अर्रिएता म्हणाला. 'पूर्ण' वर त्याने मुद्दाम जोर दिला.

लेदिसने वाचलं. अकरा पानं, सावकाश. मासा वाचला, घसरगुंड्या वाचल्या. सातवं कलम वाचताना ती थांबली, पाणी प्यायली आणि तेच कलम पुन्हा वाचलं. मग दवाखान्याचं पत्र. पलीकडच्या काठावरचे नऊ रुग्ण आठवड्यातून तीनदा तराफ्याने येतात. दुसरं साधन त्यांना झेपणार नाही. उपचार थांबल्यास दोनतीन आठवड्यांत मृत्यू संभवतो. मग नावं. नऊच्या नऊ नावं तिने वाचली, आडनावासकट. सहावं नाव एनाल्बा तुरिसो. त्या नावावर तिने बोट ठेवलं आणि पुढची तीन वाचली.

 एक नगरसेवक नखं बघत होता. एकाने डोळे पुसले. मनात आलं तिच्या, झालं. पोचलं.

"कुणाला बोलायचंय?" अर्रिएताने विचारलं.

कालिक्स्तोने हात वर केला आणि उठला.

भिंतींपाशी टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याचं नाव घेतलं. कालिक्स्तोने दोन्ही हात पसरून लोकांना शांत केलं. छान बोलला तो. एल गुयाबलच्या मातीचं बोलला, आपल्या आईचं बोलला, तराफ्यावर तीच त्याला लहानपणी मांडीवर घेऊन बसायची. "माझी कोमाद्रे एनाल्बा इथे माझ्यासमोर बसलीये," तो म्हणाला, आणि ते त्याला खरोखर वाटत होतं, नाटक नव्हतं ते. "या नऊ जणांना विसरून पुढे जाणारं गाव मला नको. म्हणून मी दुरुस्ती मांडतो."

नावानिशी मत, लेदिस मनातल्या मनात म्हणत होती. माग. आता माग.

"माझी दुरुस्ती अशी, की या नऊही रुग्णांना नव्या जलउद्यानाचा आजीवन मोफत पास देण्यात यावा. घसरगुंड्यांसह. गावाच्या प्रगतीत त्यांचाही वाटा असावा."

 मग नगराध्यक्ष हाराबा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. "याला म्हणतात संवेदनशीलता," तो म्हणाला.

"दुरुस्तीसह ठराव मंजूर?" अर्रिएताने विचारलं.

बाकं वाजली. इतक्या जोरात कधी वाजली नव्हती. लेदिस या वेळी मान खाली घालून बसली नाही, तिने एकेकाचा हात पाहिला. डोळे पुसणाऱ्याने रुमालासकट बाक बडवलं. कालिक्स्तो दोन्ही हातांनी बडवत होता आणि एनाल्बाकडे बघून हसत होता, वाढदिवसाची भेट दिल्यासारखा. सगळ्यांनी ऐकलं होतं. एक शब्द सुटला नव्हता. मृत्यू संभवतो हेही ऐकलं होतं, आणि त्याच्यावर घसरगुंडी ठेवून ते मोकळे झाले होते.  ज्यांना ती एकोणीस वर्षं आळशी समजून माफ करत आली, ते आळशी नव्हतेच. त्यांना वाचायची गरज नव्हती, इतकंच. आणि त्यांच्यासाठी पानांमागून पानं लिहिणारी ती कोण होती? तिला स्वतःच्या बोटांचीही शिसारी आली.

"नऊ पास आजच तयार करा, दोन्या लेदिस," अर्रिएता गोड आवाजात म्हणाला. "नावं आहेतच तुमच्याकडे."

ती उठली आणि कागद तसेच टाकून एनाल्बाकडे गेली. पण तिच्याआधी कालिक्स्तो पोचला होता. त्याने वाकून एनाल्बाच्या कपाळाचा मुका घेतला, मागे गेला आणि खुर्चीच्या मुठी धरल्या. "चला, मी सोडतो धक्क्यापर्यंत," तो म्हणाला. कुणी काही बोलायच्या आत निघालाही. उतारावर सांभाळून, दगड चुकवत, फार जपून नेत होता. पलीकडची माणसं मागून मुकाट चालत होती. एकानेही त्याला हटकलं नाही. काय हटकणार, मतं त्यांनीच दिली होती.

"हात काढा, कोम्पाद्रे," लेदिस म्हणाली.

"असू दे हो, उतार आहे."

"हात काढा म्हणतेय."

"राहू दे गं," एनाल्बा म्हणाली. आवाज थकलेला होता, पण शांत. "कोम्पाद्रे, तराफा किती तारखेपर्यंत आहे म्हणालात?"

"तीस. पण काळजी नका करू, कोमाद्रे. काहीतरी मार्ग निघेल. देव आहे, नगराध्यक्ष आहेत."

एनाल्बाने पट्टी बांधलेल्या हाताची बोटं मांडीवर उलगडली. "सोमवार, बुधवार, शुक्रवार. मग सोमवार. बुधवारी तीस." तिने हाताकडे पाहिलं. "पाच खेपा. आणि तो पास आजीवन ना?"

"आजीवन," कालिक्स्तो उत्साहाने म्हणाला. "माझीच सूचना ती."

"मग उद्यान जरा लवकर बांधून होतंय का बघा. पाच खेपांत झालं तर मी एकदा घसरगुंडी बघून जाईन."

कालिक्स्तोचे पाय थांबले. त्याने मुठी सोडल्या, हात पँटला पुसले आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. लेदिसने खुर्ची धरली. उतार अजून बराच होता, ती सावकाश खाली न्यायला लागली.